सातव्या ओळीच्या गाठी

सहा ओळी उघड्या, सातवी झाकलेली. उघड्या ओळींत काकडीचे चाळीस-चाळीस वेल. झाकलेलीत सव्वीस, कारण घरचं बी तेवढंच उरलं होतं. तारेच्या कमानी बावीस. त्यांवर थंडी-किडीपासून जपायला पातळ पांढरं कापड, कडा मातीनं दाबलेल्या, आणि दोन टोकांना खुंट्यांशी बांधलेल्या दोन गाठी. जनकाबाई रोज सकाळी बांधावर उकिडवी बसून एवढं मोजायची, मगच कामाला लागायची.

गाठी कोंडीबाच्या होत्या. तिचा नवरा डावखुरा, त्यामुळे पीळ उलटा. गाठी मारल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तो याच बांधावर चहा प्यायला बसला आणि उठला नाही.

"वहिनी, कापड काढा की आता," शेजारचा उकंडराव म्हणाला. "फुलं कापडाला टेकून राहिलीत. मधमाशी आत जावी कुठून?"

"राहू द्या."

"काहून पण? बाकी समदं दुकानचं बी. हे कोंडीबाच्या मायचं. यंदा न्हाई धरलं, तर संपलं."

"मला ठावं न्हाई व्हय?"

उकंडराव आपल्या शेताकडं वळला.

कापड का राहू द्यायचं, हे तिला कुणाला सांगता येईना. सकाळच्या वाऱ्यानं कापड हळूच फुगायचं, बसायचं, पुन्हा फुगायचं. कोंडीबा तोंडावर चादर ओढून झोपायचा, तेव्हा असंच व्हायचं. "मढ्यावाणी झोपू नगा," असं ती किती वेळा ओरडली होती. आता ती कापडावर तळहात ठेवायची. बाहेर बोटं गारठलेली, आणि कापडाखाली ऊब.

बापाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर नांदेडला कॉलेजात परतलेली शीतल रविवारी आली. लेक आता कापड काढायला लावणार, म्हणून जनकाबाई आधीच खुंटीपाशी जाऊन उभी राहिली.

शीतलनं वाकून कापडातून आत पाहिलं. मग उघड्या ओळींकडं पाहिलं.

"आई, उघडलं तर माशी त्या वेलांचे पराग हिकडं आणंल. बी भेसळ व्हईल."

"मग?"

"गाठी राहू दे. बाजूची माती सारू. माशीचं काम आपून करू."

"आपून? तुझा बाप असता तर लोळून हसला असता."

"हसू दे."

तिनं हातभर माती उकरली, कड उचलली, एक नर फूल खुडून पाकळ्या काढल्या. "ज्या फुलामागं बारीक काकडी दिसती, त्याला हे टेकव. हळू. लेकराला तीट लावल्यावाणी."

जनकाबाईनं पदर खोचला आणि पालथी होऊन डोकं, मग खांदे आत घातले. कापड तोंडावर आलं. आत ओल्या मातीचा वास, दुधासारखा उजेड, आणि ती ऊब. कापड तिच्या पाठीवर फुगलं, बसलं.

"सरका जरा," ती म्हणाली.

बाहेर शीतलनं ऐकलं. तिनं कड तशीच धरून ठेवली.

पुढं रोज सकाळी जनकाबाई एकटीच आत शिरायची. काम झालं की माती पुन्हा दाबायची.

अकरा दिवसांत फुलं हाताळली त्रेपन्न. काकड्या धरल्या एकोणतीस. गाठी दोन.