दोन्ही आळ्यांची चावी
माणसाने दोन्हीकडच्या लोकांना आवडू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. मी आवडले आणि फसले.

आमच्या वस्तीत पाण्याची टाकी बांधायला चार इंजिनिअर आले होते. पगार नाही, भत्ता नाही, नोकरीतून रजा टाकून पदरमोड करून आलेली पोरं. खणून खणून हाताला फोड आले तरी हसायची. त्यांना नावं ठेवली तर माझी जीभ झडेल. त्यांच्यामुळे दारात नळ आला, घरोघर संडास झाले. पण पाण्याला जोर कमी, म्हणून एका वेळी एकाच आळीला पाणी. वर सोडायचं तर खालचं बंद करायचं. आणि वरच्या-खालच्या आळीचं विळ्याभोपळ्याचं सख्य, विहिरीवर डोकी फुटलेली.

"व्हॉल्व्हची चावी कुणाकडे द्यायची?" चष्मेवाल्या इंजिनिअर पोरीने बैठकीत विचारलं. दोन्ही बाजूंनी माझंच नाव आलं. माझं माहेर वरच्या आळीत, सासर खालच्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही चढले हरभऱ्याच्या झाडावर.

पोरं गेली, घोंगडं माझ्या गळ्यात राहिलं. सकाळ-संध्याकाळ चावी फिरवायची, एवढंच काम. पण नवऱ्याने फिरवली तर वरचे म्हणतात, खाली जास्त सोडलं. भावाने फिरवली तर खालचे अंगावर धावून येतात. मला ताप आला तेव्हा खाटेसकट उचलून व्हॉल्व्हपाशी नेलं. शिवाय डोक्याखाली उशी दिली. कौतुक असं की जीव गुदमरावा.

आता लेकीचे दिवस भरलेत. ती शहरात भाड्याच्या खोलीत, जावई कामासाठी लांब. पहिल्या खेपेला एकटीच दवाखान्यात गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की पांढरीफटक पडते. या वेळी म्हणाली, "आई, तू असशील तरच जाईन." मी शब्द दिला.

चष्मेवालीला फोन लावला. "बाई, मला मोकळं कर. चावी दुसऱ्या कुणाला तरी दे."

"काकू, दुसऱ्या वस्तीत भांडणात लोकांनी नळ उपटले. तुमच्यामुळे तुमच्याकडे नीट चाललंय. आम्ही पडलो बाहेरचे, आम्ही कसं ठरवणार? तुम्हीच सगळे बसून ठरवा ना."

पोरगी मनापासून बोलत होती, म्हणून जास्त राग आला. बसून ठरवलं आम्ही. मी जाऊ नये, असं ठरलं. दोन्ही आळ्यांचं दुसऱ्यांदा एकमत.

म्हटलं, खड्ड्यात गेलं तुमचं पाणी. चावी नवऱ्याच्या हातात कोंबली, पिशवी उचलली आणि सकाळच्या बसमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हर खालच्या आळीतला. त्याने इंजिनच बंद केलं.

"काकू, तुम्ही उतरा, मग गाडी काढतो."

"अरे, पोरगी वाट बघतेय माझी."

"माझ्याही घरात लहान पोरं आहेत, काकू. तुम्ही गेलात की संध्याकाळी दगड सुरू होतील."

बसच्या दाराशी दोन्ही आळ्यांच्या बायका उभ्या होत्या. एकीने पिशवी घेतली, एकीने हात धरून सांभाळून उतरवलं. माझी वहिनी म्हणाली, "ताई, दोन दिवस थांबा, काहीतरी करू." तिला खरंच वाईट वाटत होतं. ओरडणार तरी कुणावर? सगळी माझीच माणसं. तशीच मला व्हॉल्व्हपर्यंत घेऊन आल्या, आणि तिथेच लेकीचा फोन आला.

"आई, निघालीस का? कळा सुरू झाल्यात. शेजारीण म्हणतेय दवाखान्यात चल."

येत नाही म्हटलं असतं तर ती खोलीतून हललीच नसती.

"निघाले," मी म्हटलं. "बसमध्येच आहे. तू हो पुढे, मी थेट दवाखान्यात येते."

"गाडीचा आवाज नाही येत गं."

"थांब्यावर थांबलीय."

वहिनीने मान फिरवली.

"बरं, मग जाते," लेक म्हणाली. आवाज एकदम हलका झाला तिचा. "पण आत नाही जाणार हां. दारातच उभी राहते. तू दिसलीस की दोघी मिळून आत जाऊ."

मी बरं म्हटलं.