आवळ्याच्या बरणीचा मान

मित्रांनो, औषधांच्या दुकानात राहून जिने आयुष्यात एकही गोळी विकली नाही, अशी बरणी तुम्ही पाहिली आहे का? ती जुनी बरणी मी. छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने शेंद्र्याकडे निघालात, तर चिकलठाण्यात मीनाक्षीताईंचे दुकान लागते. तिथल्या काउंटरवर, काचेला लागून, मी ऐटीत बसलेली असते.

वाळू आणि आग हे माझे आईबाप. माझी काच जाड आहे आणि झाकणही काचेचेच आहे. मीनाक्षीताईंचे सासरे श्रीधरराव यांनी मला गुलमंडीजवळच्या त्यांच्या दुकानात आणले. त्या काळी खोकल्याचे लाल औषध दुकानातच कालवत आणि ते माझ्यात भरून ठेवत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून धुळीने खोकणारी माणसे माझ्यातले औषध घेऊन जात. पुढे तयार बाटल्या आल्या आणि मला माळ्यावर टाकले. कितीतरी वर्षे माझ्यावर धूळ साचत होती. शहर मात्र वाढत होते. शेतांत कारखाने उभे राहिले, रस्ता रुंद झाला, आणि मीनाक्षीताईंनी औषधशास्त्र शिकून नवे दुकान थाटले. माळा आवरताना त्यांना मी सापडले. त्यांनी मला चिंच आणि राख लावून घासले आणि माझ्यात मिठातला सुका आवळा भरला.

औषधांच्या दुकानात आवळा कशाला, असे तुम्हाला वाटेल. आपल्याकडे रीत आहे की, बाईला दिवस गेले तर तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर सांगायचे नाही. दृष्ट लागते म्हणतात. पण नेमक्या त्याच महिन्यांत पोटातल्या बाळाचे अवयव घडत असतात आणि चुकीचे औषध त्याला बाधू शकते. मीनाक्षीताई विचारायच्या, “दिवस गेलेत का?” शेजारी पुरुष उभे असले की बाई खाली मान घालून म्हणायची, “नाय.” म्हणून ताईंनी एक युक्ती काढली. औषध देण्याआधी त्या मला पुढे सरकवतात. घरात कुणी गरोदर असेल आणि औषध तिच्यासाठी असेल, तर एक आवळा उचलायचा. बोलायचे काहीच नाही! आसपासच्या बायकांना ही खूण आपोआप कळत गेली.

मग पुन्हा एकदा मोठा दुष्काळ पडला. गल्लीगल्लीत टँकरची वाट पाहत हंडे रांगेला लागले. त्या उन्हाळ्यात शेंद्र्याच्या साळूबाई दुकानात आल्या. त्यांच्या हातात मुलगा विश्वजीत याची जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची रिकामी पट्टी होती.

“ह्याच गोळ्या द्या. पोराला परत जळजळ व्हायलीय लघवीला.”

चिठ्ठी होती, नाव होते. ताईंनी खणातून पट्टी काढली आणि सवयीने मला पुढे सरकवले. साळूबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा हात उठला, थांबला, परत पदरात गेला. मी मनात म्हणत होते, उचला, मावशी, उचला! अखेर त्यांनी झाकण काढले आणि एक आवळा घेतला.

मागे त्यांच्याच गावचा कडूबा बीपीच्या गोळ्या घ्यायला उभा होता. तो खदखदून हसला. “काय साळूबाई, या वयात डोहाळे?”

“तुझ्या गोळ्या घे अन् गप ऱ्हा! लई दात दिसायलेत.”

ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पट्टी परत खणात ठेवली आणि साळूबाईंना कपाटाआड बोलावले. माझी जागा जवळच, म्हणून मला सगळे ऐकू आले.

“सूनबाईसाठी का, मावशी?”

“व्हय. तनुजाला दुसरा महिना हाय. अंगात ताप हाय. पाणी पीतच नाय बघा. टँकरचं पाणी पुरवायचं म्हणती, अन् कंपनीत दिवसभर लघवी दाबून ऱ्हाती.”

“ही अँटिबायोटिकची गोळी गरोदरपणात देत नाहीत.”

साळूबाई घाबरल्या. “मंग कायबी नको. धने-जिऱ्याचं पाणी पाजते.”

“नुसत्या त्यानं भागणार नाही! हे दुखणं अंगावर काढलं तर वर मूत्रपिंडात चढतं आणि बाळालाही धोका होतो. गरोदरपणात चालतील अशी औषधं आहेत. लघवी तपासून डॉक्टर ठरवतील. आजच न्या तिला, आणि दिवस गेलेत हे आधी सांगा.”

“सांगावं लागंल व्हय?”

“डॉक्टरला सांगणं म्हणजे गावाला सांगणं नव्हे, मावशी.”

साळूबाई तशाच घराकडे निघाल्या. तनुजाने घरातलीच एखादी उरलेली गोळी आधीच घेतली नसेल ना, याची मला काळजी लागली. दारात कुणी आले की मी पाहत राहायची.

अखेर डॉक्टरांची नवी चिठ्ठी घेऊन तनुजा उरलेल्या गोळ्यांसाठी स्वतःच आली. थोडी उतरलेली दिसत होती, पण पायांवर उभी होती. “ताप गेलाय, ताई. आता गोळ्या बंद करू?” ताई म्हणाल्या, “डॉक्टरांनी सांगितल्यात तितक्या पूर्ण कर. आणि पाणी भरपूर पी, त्यात काटकसर नको.” जाताना तनुजाने लाजत माझ्यातला आवळा उचलला. त्या दिवशी माझी काच चांदीसारखी चमकली असेल!

पुढच्या हिवाळ्यात साळूबाई पुन्हा आल्या. मागे तनुजा होती आणि तिच्या कुशीत टोपडे घातलेली गुटगुटीत मुलगी होती. साळूबाईंनी बांधावरच्या झाडाचे आवळे स्वतः वाळवून आणले होते. त्यांनी मला गळ्यापर्यंत भरले. नेमका कडूबा तिथेच होता. त्याने हात पुढे केला.

“ह्यातलं तुला नाय,” साळूबाई म्हणाल्या, “ही मानाची बरणी हाय.”

मित्रांनो, मला मानाची म्हणणारे ते पहिलेच माणूस. म्हणून हक्काने एक मागते. एकाचे उरलेले औषध दुसऱ्याला देऊ नका. गरोदर बाईला मनाने औषध देऊ नका आणि डॉक्टरांनी दिलेले भीतीने टाळूही नका. आणि तुमच्या घरात कुणाला दुखणे सांगायचा संकोच वाटत असेल, तर त्यांच्यावर ओरडू नका. त्यांच्यापुढे हळूच एखादी बरणी सरकवा.