दोन दीर्घिकांमधला पूल

"माझं चित्र लाल-हिरवं केलंत? कुणाला विचारून?" तिने संशोधन संस्थेच्या संचालकांना सभागृहाच्या दारातच अडवलं.

"अगं, तुझं निळं-पिवळं फार मिळमिळीत दिसत होतं. मंत्री येतायत, जरा आग दिसू दे की! रंगारीण तू, आणि तुला मी सांगायचं?"

रंगारीण हे तिचं ऑफिसातलं नाव. महासंगणकाने महिनोन्‌महिने गणितं करून ओतलेल्या आकड्यांच्या ढिगातून डोळ्यांना दिसेल असं चित्र उभं करायचं, हे तिचं काम. या खेपेला अब्जावधी ताऱ्यांच्या दोन दीर्घिका एकमेकींवर आदळत होत्या आणि त्यांच्यामध्ये वायूचा एक बारीक पूल ताणला जात होता. सगळा खटाटोप त्या पुलासाठीच होता. तो सगळ्यांना दिसावा म्हणून तिने रंग पारखून घेतले होते, आणि त्या सगळ्यांत तिचे बाबाही होते. बाबांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. सिग्नल ओळखता येईना म्हणून त्यांचं रेल्वेचं इंजिन चालवायचं स्वप्न डोळ्यांच्या तपासणीतच संपलं आणि उभा जन्म पार्सलच्या खिडकीमागे गेला.

"हिरव्यावर लाल पूल कितीतरी लोकांना दिसणारच नाही, सर."

"मग काय, दारात सगळ्यांचे डोळे तपासत बसू?" संचालक हसत आत गेले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय कळणार!

बाबा आज पहिल्यांदाच तिचं काम बघायला आले होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. पडद्यावर पूल उमटला तसं सभागृह हरखलं. बाबा मात्र लोकांच्या तोंडांकडे बघत राहिले. टाळ्या पडल्यावर त्यांनीही वाजवल्या, जरा उशिराच.

"काय दिसलं, बाबा?"

"दिसलं की. छान झालं हो, सगळं दिसलं."

हे खोटं तिच्या ओळखीचं होतं. बाजारात पिकलं फळ निवडताना बाबा असेच दुकानदाराकडे बघून मान डोलवायचे. तिला त्यांची दया नाही आली, संताप आला. एवढी यंत्रं, एवढी वीज, आणि या माणसाला पुन्हा तीच तपासणी!

लोक चहाला बाहेर पडले. "इथंच बसा," असं बाबांना सांगून ती प्रोजेक्टर चालवणाऱ्याच्या खोलीत शिरली.

"मॅडम, साहेब ओरडतील."

"ओरडू देत. रंग सगळ्यांत शेवटी चढवतात. माझ्या चित्रावरचा हा उतरवून माझा चढवायला मला कुणाची परवानगी नको."

दिवे मंदावले. निळ्या अंधारातून पिवळा पूल हळूहळू ताणला जाऊ लागला. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"कुणी लावलं हे? बंद करा!" संचालक कपबशी घेऊनच आत धावले आणि थेट पडद्यापुढे उभे राहिले. त्यांची सावली पुलावर पडली.

जन्मभर साहेब लोकांशी खाली मान घालून बोललेल्या बाबांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"जरा बाजूला व्हा," ते म्हणाले.

संचालक बाजूला झाले.