मागची सीट

शोरूममधला विक्रेता तिसऱ्यांदा म्हणाला, "काका, मागची सीट बसवूनच देतो ना."

"नको."

"अहो, मग काकू कुठे बसतील?"

"घरी," ड्रायव्हर म्हणाला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

उभी हयात त्याने बस चालवली होती. पाठीमागे सदानकदा माणसं. रडणारी, भांडणारी, ओकणारी, पाठीमागच्या जाळीवर टकटक करून 'अहो, जरा इथंच थांबवता का' म्हणणारी. निवृत्त झाला तेव्हा त्याची मान वळत नव्हती. डॉक्टरने मणक्यांची नावं घेतली, पण ड्रायव्हरला कारण आधीच ठाऊक होतं. आता चाकावर बसायचं तर मागे कुणी नको, एवढी एकच हौस उरली होती. दुचाकी जन्मात चालवली नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलच्या चिमुकल्या गाडीवर नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर तोल सांभाळायला शिकून त्याने लायसन काढलं, आणि थेट ही क्रूझर घेतली. लांबलचक, बुटकी, रुंद हँडलची. पाय पुढे पसरून बसायचं, जणू आरामखुर्चीला इंजिन जोडलंय.

घरी बायकोने गाडीभोवती एक चक्कर मारली, "बरी आहे," म्हणाली आणि गॅस बारीक करायला आत गेली. शेजारच्या गल्लीत राहणारी तिची थोरली बहीण मात्र तोंड आवरणाऱ्यातली नव्हती.

"भावोजी, हातगाडीवरसुद्धा एक कोपरा रिकामा असतो. हिला काय टपावर बसवणार?"

"ताई, हिला टप नाहीये."

"तेच म्हणतेय मी!"

बायको हसली नाही. ड्रायव्हरने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटा निघाला. गाडी नवी होती, सवयी जुन्या. सिग्नल हिरवा झाला तरी तो कंडक्टरच्या घंटीची वाट बघत बसला. मागच्याने हॉर्न ठोकला तेव्हा भानावर आला. वळणावर एवढा मोठा वळसा घेतला की समोरचा सायकलवाला बिचारा थेट फुटपाथवर चढला. आणि पुढे बसथांबा दिसताच हातांनी त्याला न विचारता गाडी कडेला घेऊन उभी केली. बाकावरच्या दोघी पिशव्या सावरत उठल्यासुद्धा.

शरमून तो घाईने निघाला. हँडल वळलेलं असतानाच पुढचा ब्रेक दाबला गेला आणि ते अवजड धूड सावकाश, अगदी म्हशीसारखं, आडवं झालं. पडती गाडी सावरायला जाऊ नका, असं स्कूलमध्ये बजावलं होतं. तरी तो गेलाच. कमरेतून कळ निघाली.

थांब्यावरच्या चौघांनी मिळून गाडी उभी केली. त्यातल्या एका म्हाताऱ्याने त्याला ओळखलं. "ड्रायव्हरसाहेब, भरलेली गाडी कधी पाडली नाहीत, आणि रिकामी पाडलीत?"

"भरलेली पाडायची सोय नव्हती," कपडे झटकत ड्रायव्हर म्हणाला.

तो ठरल्यापेक्षा लवकर घरी आला. दार उघडायला बायकोने बराच वेळ लावला. तिचे डोळे सुजलेले होते. खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर ओढलेल्या.

"एवढ्यात आलात?" ती म्हणाली, आणि खुर्च्या पुन्हा जागेवर ठेवू लागली.

ड्रायव्हरने ओळखलं. ही रडत होती. सुट्टीच्या दिवशीही 'आता मला चाकाला हात लावायला सांगू नकोस' म्हणून त्याने तिला कुठे नेलं नव्हतं, आणि आता गाडी घेतली तीही अशी. पुढे आठवडाभर तो रोज बाहेर पडला, पण मन लागेना. परत यावं तर तेच सुजलेले डोळे. शेवटी तो मेकॅनिककडे गेला आणि मागची सीट, पाय टेकायचे दांडे आणि पाठीला टेकू, सगळं बसवून घेतलं.

"आली ना वरून ऑर्डर!" मेकॅनिक पाना फिरवत हसला.

"ऑर्डर आली असती तर बरं झालं असतं. ती बोलतच नाही."

बोल्ट जसजसे आवळले जात होते तसतशी त्याची मान पुन्हा धरत होती. पण संसार आहे, म्हटलं. एवढ्याने घरात हसू येत असेल तर आपली पाठ कुठे पळून जातेय.

घरासमोर गाडी उभी करून त्याने नवं हेल्मेट पुढे केलं. "चल, बस."

बायकोने सीटकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हेल्मेट चढवून बसली.

शहराबाहेरच्या तलावाशी पोचेपर्यंत त्याने "नीट बसलीस ना?" हे इतक्यांदा विचारलं की तिने उत्तर देणं सोडलं. तिची बोटं खांद्यांत रुतली होती. खड्डा आला की बोटं आवळायची, आणि त्याची नजर आपोआप वर, बसमधल्या आरशाच्या जागी जायची. तिथे नुसतं आकाश.

तलावाशी शेवटचा बसथांबा होता आणि त्याला लागून चहाची टपरी. हेल्मेट काढून बायको बाकावर टेकली, कंबर चोळली, चहाचे दोन घोट घेतले.

"ही सीट कुणाच्या सांगण्यावरून लावलीत?"

"कुणाच्या म्हणजे? तू रडत होतीस ना."

"मी? कधी?"

"रोज. मी येतो तेव्हा डोळे सुजलेले असतात."

"अहो, झोपलेली असते मी!"

ड्रायव्हरने चहाचा ग्लास बाकावर ठेवला.

"तुम्ही ड्युटीवर असायचात तेव्हा दुपार माझी होती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, दमलेला होता. "रिटायर झालात, तसे घरात माझ्या मागे बसलात. चहा कधी, जेवण कधी, कुणाचा फोन होता, कुठे निघालीस. दर दहा मिनिटांनी टकटक. घर मी चालवते आणि तुम्ही पॅसेंजर. ही गाडी आली तेव्हा वाटलं, सुटले. आठ दिवस दोन खुर्च्या जोडून गाढ झोपले हो मी. आणि तुम्ही मलाच उचलून इथे आणलंत."

"मग ताई म्हणत होत्या ते?"

"ताईला हौस आहे, तिला बसवा."

त्याला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. "काढून टाकू का सीट?"

"राहू दे. बाजारातून पिशव्या आणायला बरी."

तेवढ्यात बस वळसा घेऊन थांब्यावर लागली. बायकोने हेल्मेट त्याच्या मांडीवर ठेवलं. "मी हिने जाते. माझी कंबर गेलीय."

"मी येतो मागोमाग."

"कशाला?" ती पायरीवरून म्हणाली. "सावकाश या."

ती खिडकीशी बसली. घंटी वाजली, बस निघाली, आणि तिचे डोळे मिटलेले त्याला खालून स्पष्ट दिसले. त्याचा हात किल्लीकडे गेला होता. त्याने तो मागे घेतला.

"आणखी एक चहा," तो टपरीवाल्याला म्हणाला. चहा नको होता. पण ती घरी पोचेल, दार लावेल, खुर्च्या ओढेल, तिचा डोळा लागेल, तोपर्यंत इथेच बसायचं होतं.