रागावलेल्यांचा बाक

मित्रांनो, पेपर तुम्ही रोज वाचता, पण पेपरवर रागावलेली माणसं कशी दिसतात ते मला विचारा. कारण मी एका दैनिकाच्या कचेरीत, संपादकांच्या खोलीबाहेर ठेवलेला जुना लाकडी बाक आहे. उभं आयुष्य मी रागावलेल्या माणसांखाली काढलं आणि तरीही सुखात काढलं.

माझा जन्म या पेपरबरोबरच झाला. छपाईचं पहिलं यंत्र ज्या लाकडी खोक्यातून आलं, त्याच्या फळ्या फेकायच्या कशाला म्हणून सुताराने मला ठोकून उभं केलं. एका फळीवर 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं. सुताराने नेमकी तीच बाजू खाली घातली. त्यामुळे मी जन्मापासून उलटा आहे, असं कचेरीतले लोक हसत हसत म्हणत. मी ते कधी मनावर घेतलं नाही.

पेपर काढणाऱ्या पहिल्या संपादकांना सगळे आजोबा म्हणत. स्वभाव कडक, पण मनात काही ठेवायचे नाहीत. त्यांनी माझ्यासाठी एक नियम केला होता. पेपरात चूक दिसली की वाचकाने सरळ येऊन या बाकावर बसायचं, आणि त्याचं ऐकून घेतल्याशिवाय उद्याची पानं छापायला सोडायची नाहीत. चूक ज्या पानावर, दुरुस्तीही त्याच पानावर. मग काय, माझ्याकडे माणसांची रीघ लागली. कुणाच्या लेकीचा निकाल चुकलेला, कुणाच्या लग्नाच्या बातमीत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचाच फोटो! तणतणत आलेली माणसं बहुधा हसत परत जात. हळूहळू गावात बोललं जाऊ लागलं, "पेपरात आलंय ना? मग खरंच असणार." हे ऐकलं की माझ्या फळ्यांना फुटायची बाकी राहायची पालवी.

पण दिवस सारखे राहत नाहीत. आजोबा गेले, त्यांची नात संपादक झाली. तिला सगळे ताई म्हणतात. तक्रारी फोनवरून येऊ लागल्या आणि पुष्कळशा फोनमध्येच राहू लागल्या. माझ्यावर न खपलेल्या अंकांचे गठ्ठे येऊन बसले. जाहिरात विभागाचे काका तर ताईंना म्हणायचे, "हा सांगाडा काढून टाका. एक छानसा सोफा ठेवू." खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं. कुणी रागवायलाच येत नाही म्हणजे पेपर बिनचूक झाला, असं काकांना वाटे. मला मात्र लोकांनी रुसणंच सोडून दिलं की काय, अशी भीती वाटे.

अशातच एके दिवशी दुपारी डेअरीवाल्या मावशी आल्या.

झालं होतं असं. भेसळीच्या संशयावरून एका दूध केंद्रावर छापा पडला होता. बातमी पहिल्या पानावर घेतली, पण शेजारी जागा उरली. आमचा एक तरुण उपसंपादक आहे, कामाचा वाघ, पण घाईमुळे त्याचं नावच झटपट पडलं आहे. त्याने जुन्या फोटोंतून दुधाच्या दुकानाचा एक झकास फोटो शोधला आणि ठेवून दिला. निळ्या फरशा, चकचकीत कॅन, सगळं कसं लख्ख! लख्ख असणारच. हे मावशींचं दुकान होतं, आणि त्याच्या स्वच्छतेचं कौतुक करताना आमच्याच पेपराने तो फोटो काढला होता. कौतुकाचा फोटो बदनामीला लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

मावशींनी माझ्यावरचे गठ्ठे एकेक करून खाली ठेवले, पदराने फळी पुसली आणि बसल्या.

झटपट धावत आला. "मावशी, तुमचं नाव कुठेही छापलेलं नाही हो!"

"नाव नाही, पण माझं दुकान आहे ना? लोक आधी फोटो बघतात, मग वाचतात. वाचलं तर! सकाळपासून काउंटरवर चिटपाखरू नाही. सगळं दूध तसंच पडलंय."

काका मध्ये पडले. "आतल्या पानावर खुलासा टाकू की चार ओळींचा. पहिल्या पानावर माफी म्हणजे हात दाखवून अवलक्षण. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तेवढ्यात ताई बाहेर आल्या. मावशी त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, मी शेजारणीला सांगितलं, फोटो चुकून आलाय. ती काय म्हणाली माहितेय? म्हणाली, हा पेपर असा चुकत नाही! अहो, तुमचा पेपर लबाड असता ना, तर माझं काही वाकडं झालं नसतं. त्याला कुणी विचारलंच नसतं. तुमच्या चांगल्या नावानेच मला बुडवलं."

ज्या नावाचा मला एवढा अभिमान, तेच नाव या बाईच्या मुळावर आलं होतं! मला त्या क्षणी मोडून पडावंसं वाटलं.

ताई मावशींशेजारी येऊन बसल्या. माझ्यावर बसलेल्या त्या पहिल्या संपादक. आजोबासुद्धा लोकांना आत बोलवायचे, स्वतः कधी इथे बसले नव्हते.

"काका," त्या म्हणाल्या, "लोक आपल्यावर विश्वास ठेवतात म्हणून यांचं दुकान ओस पडलं. आता लोकांना खरं कोण सांगणार? पहिलं पान. तीच जागा, तोच फोटो, तेवढाच मोठा."

झटपटने तिथेच उभ्या उभ्या मजकूर लिहिला. 'अनवधानाने काही गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहोत.' ताईंनी कागद मावशींच्या हातात दिला.

"झाला असल्यास?" मावशी म्हणाल्या. "झालाय की! ढळढळीत झालाय."

झटपट कानापर्यंत लाल झाला. त्याने सगळं खोडलं आणि लिहिलं, 'या दुकानाचा त्या छाप्याशी काहीही संबंध नाही. हा फोटो आम्ही चुकीने छापला. चूक सर्वस्वी आमची आहे.' मावशींनी मान हलवली आणि त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी काहींनी आमची टिंगल केली, ती आम्ही ऐकून घेतली. पण दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. मावशींची गिऱ्हाइकं परत वळली की नाही, ते मला दाराआड कसं कळणार? माझा जीव टांगणीला लागला होता. तरी एक गोष्ट झाली. माझ्यावर पुन्हा कुणी गठ्ठे ठेवले नाहीत, आणि अधूनमधून एखादा वाचक येऊन बसू लागला.

पुढे बऱ्याच दिवसांनी एका सकाळी मावशी तरातरा आत आल्या. कपाळाला आठ्या. झटपटचा चेहरा पांढराफटक पडला, ताई खोलीतून लगबगीने बाहेर आल्या. मावशी माझ्यावर धपकन बसल्या.

"काय चाललंय काय तुमचं? पेपर रोज उशिरा येतोय! दुधाच्या रांगेतली माणसं पेपर वाचत गप्प उभी असतात. पेपर नसला की सगळी माझं डोकं खातात. एवढी मोठी रांग, कुणाकुणाशी बोलू मी?"

रांग! ताई आधी हसल्या आणि मग डोळे पुसू लागल्या. मावशी मात्र रागातच होत्या. माझ्यावर बसून एवढा गोड राग आजवर कुणी केला नव्हता.

मित्रांनो, मला नवा रंग नको, मऊ गादी नको. एवढंच मागणं आहे. ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे, त्याची चूक त्याच्या तोंडावर सांगा, मुकाट्याने पाठ फिरवू नका. आणि तुमच्यावर कुणी विश्वास ठेवला असेल, तर तो रागावून येईल तेव्हा त्याला बसायला जागा द्या.