शर्लीनची काळी हंडी

मी एक जुनी बिडाची हंडी आहे. मित्रांनो, तुमच्या घरी घावनाचा काळा जड तवा असेल ना, त्याच जातीची. माझा जन्म अमेरिकेत, दक्षिणेकडच्या अलाबामात झाला. शर्लीनच्या आजीने मला दुकानातून आणलं तेव्हा मी करड्या रंगाची होते. तेल आणि चरबी पिऊन पिऊन माझ्या अंगावर काळा थर चढला. तो मळ नव्हे बरं का. त्याच्यामुळे मला गंज धरत नाही आणि माझ्यात काही चिकटत नाही. पुढे शर्लीन नर्स होऊन इंग्लंडला आली, तेव्हा तिने मला स्वेटरांत गुंडाळून बेसिंगस्टोकला आणलं.

शेजारी डॉक्टर उल्का राहते. तिच्या सासूबाई इरावतीबाई गेल्या वर्षी साताऱ्याहून कायमच्या इथे आल्या. मुलगा-सून दिवसभर कामावर, त्यामुळे बाईंना बोलायला माणूस नव्हतं. कुंपणावरून शर्लीनशी गप्पा सुरू झाल्या, तीच काय ती त्यांची मैत्रीण. एकीचं मराठी, दुसरीचं इंग्रजी, पण दोघींचं अडत नसे.

एका गुरुवारी शर्लीनने डबल बी केली. रात्रभर भिजवलेले दाणे, कांदा, लसूण, मिरी आणि धुरी दिलेली टर्कीची तंगडी. एरवी ती डुकराचं मांस घालते, पण शेजारी ते खात नाहीत म्हणून तिने टर्की शोधून आणली. दुपारभर मी मंद आचेवर रटरटत होते. मग माझी रवानगी शेजारी झाली. इरावतीबाईंचा गुरुवार असल्यामुळे त्यांनी शुक्रवारी भाकरीबरोबर खाल्लं. मुरलेल्या रश्शाने त्यांना अशी भुरळ घातली की त्यांनी बोटं चाटली.

आणि मग घात झाला. "नोकरी करून बिचारीला भांडी घासायला कुठला वेळ," असं पुटपुटत बाईंनी पदर खोचला. सोडा, साबण आणि तारेची घासणी घेऊन त्या दुपारभर माझ्यामागे लागल्या. तीन पिढ्यांचं काळं मोरीत वाहून गेलं. मी लख्ख झाले आणि मला रडू कोसळलं. शेजारणीचं भांडं रिकामं परत कसं द्यायचं, म्हणून त्यांनी माझ्यात बेसनाचे लाडू भरले आणि मोठ्या कौतुकाने मला नेऊन दिलं.

शर्लीनने झाकण काढलं, लाडू उचलला आणि तळ पाहिला. "थँक यू," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी उल्काने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आई, अहो कास्ट आयर्नला साबण लावायचा नसतो. ते काळं म्हणजे सीझनिंग असतं. तिच्या ग्रॅनीचं पॉट होतं ते."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. इथे जोडलेलं एकुलतं एक माणूस आपण गमावलं, असंच त्यांना वाटलं. पण त्या घरात बसून राहिल्या नाहीत. तशाच स्लिपरवर शेजारी आल्या. पाठोपाठ उल्का.

"शर्लीन, माझं चुकलं गं."

उल्का भाषांतर करायला लागली, तसा शर्लीनने तिला हात दाखवून थांबवलं. तिला कळलं होतं. तिचे डोळे लाल होते, पण तिला हसू फुटलं. ती इंग्रजीत बोलली ते उल्काने सासूला सांगितलं, "म्हणतेय, आजीच्या हंडीवर इतकी मेहनत आजवर कुणी घेतली नव्हती. ते काळं तुम्ही काढलंत, आता तुम्हीच पुन्हा चढवायचं. शनिवारी या."

तेव्हापासून दर शनिवारी इरावतीबाई येतात. मला तेल चोळतात, ओव्हनमध्ये तापवतात, मग दोघी मिळून डबल बी शिजत घालतात. मी पुन्हा सावळी झाले आहे. या थरात आता साताऱ्याकडच्या हातांनी चोळलेलं शेंगदाण्याचं तेलही आहे.

मित्रांनो, परक्याचं भांडं घासण्याआधी एकदा विचारा. आणि न विचारता घासलंच, तर लगेच त्याच्या दारात जा. इरावतीबाई त्या संध्याकाळी आल्या नसत्या, तर शर्लीनने मला पुसून माळ्यावर ठेवलं असतं आणि दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना एकेकट्या जेवल्या असत्या.