कॅनॉलकडेची चार वाक्यं

सणसरच्या मानसिंगआबांची स्वप्नाली दहावीला इंग्रजीत आपटली, तेव्हा आबांनी पोरीला सोडून इंग्रजीलाच शिव्या घातल्या. बाकी सगळ्या विषयांत पोरगी पास, आणि ही गोऱ्यांची भाषा तेवढी आडवी आली. आबांचा आजा मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जायचा, त्याचं कुठं इंग्रजीवाचून अडलं होतं? पण मेंढरं जाऊन आता ऊस आला होता, आणि दहावी नापास पोरीला नोकरदार नवरा मिळत नव्हता. तेव्हा आबांनी घरातच मास्तर आणून ठेवला.

मास्तर म्हणजे मल्हार. कळसचा, जातीतलाच, बारामतीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला. जवळच्या एका नव्या हायस्कुलात तो शिकवायचा, पण नेमणुकीला सरकारची मान्यता नव्हती. त्यामुळं पगार म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आबांनी त्याला पडवीची खोली दिली, दोन वेळची भाकरी दिली आणि बदल्यात पोरगी पास करून मागितली.

त्याची शिकवायची तऱ्हा न्यारीच होती. पुस्तक मिटून ठेवायचा आणि म्हणायचा, "काल दिवस कलताना कोण कुठं काय करत होतं, ते सांग." स्वप्नाली गोंधळायची. मराठीत आधी झाड येतं, मग त्याच्या खाली, आणि बसणं शेवटी. इंग्रजीत सगळाच उफराटा कारभार. आधी बसणं, मग खाली, आणि झाड सगळ्यात मागं.

"वॉज सिटिंग म्हणून थांबायचं न्हाय," मल्हार सांगायचा. "कुठं ते सांग. अंडर द ट्री. ऑन द कॉट. नुसतं बसला होता म्हटल्यावर माणूस दिसत न्हाय. जागा सांगितली की दिसतो."

पोरीला त्याचा नादच लागला. आबा वॉज स्लीपिंग ऑन द कॉट. द बफेलो वॉज स्टँडिंग इन द वॉटर. मदर वॉज शाउटिंग फ्रॉम द किचन, आणि तेवढ्यात खरंच आतून आई ओरडायची, "आगं, अभ्यास करतीस का तमाशा?" ऑक्टोबरच्या परीक्षेत स्वप्नाली पास झाली. आबांनी आळीभर पेढे वाटले. शिकवणी मात्र थांबली नाही, कारण आता अकरावी-बारावीचं निमित्त होतं.

तरणी माणसं एका ओट्यावर बसवायची आणि वर त्यांना रोज कालची संध्याकाळ आठवायला लावायची, मग दुसरं काय होणार? स्वप्नाली शेळ्यांना पाला आणायला कॅनॉलच्या भरावावरून जायची, आणि वाटेवरच्या चिंचेखाली मल्हार उभा असायचा. एकदा पाण्याच्या कडेला बसले असताना त्यानं तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. पाणी भवानीनगरच्या अंगाला चाललं होतं. तिनं त्याच दिवशी सरळ विचारलं, "आबांना कवा इचारताय?"

"मान्यता येऊ दे. बिनपगारी माणसानं कुठल्या तोंडानं पोरगी मागायची? आबांचं मीठ खातोय मी."

"खाताय म्हणूनच इचारा. आबा तुमाला न्हाय म्हणायचं न्हाईत."

तिची खात्री होती. आबा जेवताना मल्हारचं ताट वाढल्याशिवाय हात धूत नसत. "आसा पोरगा घरात पायजे," असं ते आईला म्हणालेलं तिनं स्वतः ऐकलं होतं. एक शब्द टाकायचा अवकाश होता, पण तो मुलीनं टाकायची रीत नव्हती. आणि ज्यानं टाकायचा तो, इंग्रजी फाडफाड बोलणारा गडी, मायबोलीतलं एवढं एक वाक्य बोलायला का भीत होता, ते बिरोबालाच ठाऊक.

मान्यता काही आली नाही. इंदापूरहून पाहुणे तेवढे आले.

मुलाचं नाव अविराज. बारामतीच्या एका कंपनीत सुपरवायझर. त्याला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून चुलता आप्पासाहेब आणि आई प्रयागबाई, अशी थोरली माणसं आधी येणार होती. मुलाची हुंड्याची अट नव्हती, फक्त बायकोला इंग्रजी बोलता यावं, एवढंच म्हणणं होतं. ते ऐकून आबांची छाती फुगली. "मग तर झालंच! घरचा मास्तर हाय आपल्याकडं," म्हणाले.

सकाळी स्वप्नालीनं पडवीत मल्हारला गाठलं. पोह्यांसाठी कांदा चिरता चिरता ती उठून आली होती.

"आज तरी बोला. पावणं यायच्या आत बोला."

मल्हार खाली बघत राहिला. "बघू," म्हणाला.

बघू! आयुष्यभराची गोष्ट, आणि हा माणूस म्हणतो बघू. तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. तरी आशा मोठी चिवट. तिला वाटलं, पाहुण्यांसमोर आपल्याला बघून तरी ह्याला कंठ फुटेल.

दुपारी पाट मांडला. पदर घेऊन स्वप्नाली बसली. नाव विचारून झालं, मामाचं गाव विचारून झालं, चालायला लावून झालं. प्रयागबाईंनी जवळ बोलावून तिची वेणी हातात तोलून बघितली. मल्हार आबांच्या शेजारीच सतरंजीवर बसला होता, आबांनीच हाताला धरून बसवलं होतं. मग आप्पासाहेब म्हणाले, "आता जरा इंग्लिश होऊ द्या. आमाला कळायचं न्हाय, पर पोराला जाऊन सांगाय पायजे."

आबांनी तिच्याकडून आपलं नाव, गाव, शाळा असली वाक्यं पाठ करून घेतली होती. स्वप्नालीनं ती बाजूला सारली. पाटावर नजर ठेवून ती स्वच्छ आवाजात बोलू लागली.

"आय वॉज वॉकिंग अलाँग द कॅनॉल. ही वॉज स्टँडिंग अंडर द टॅमरिंड ट्री."

मी कॅनॉलकडेनं चालले होते. तो चिंचेखाली उभा होता. कुणाची मान हलली नाही. एकाचीच खाली गेली.

"ही वॉज होल्डिंग माय हँड इन हिज हँड."

त्यानं माझा हात हातात धरला होता. आता तिनं डोळे वर केले आणि भरल्या घरात सरळ त्याच्याकडं बघितलं.

"आय वॉज वेटिंग फॉर हिम."

मी त्याची वाट बघत होते. ह्यापुढं पोरीनं काय करायचं राहिलं होतं? सगळ्यांदेखत तिनं त्याला हाक मारली होती, आणि ती त्या घरात त्याच्या एकट्याच्याच कानांना कळणार होती.

"काय वाहत्या पाण्यागत बोलती!" आप्पासाहेब खूश झाले. "मास्तर, तुमी सांगा. बराबर बोलली का?"

आबाही वळले. "काय म्हणली रं मल्हार?"

मल्हारचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. ओठ हलले. 

"कॅनॉलवरच्या संध्याकाळचं वर्णन केलं तिनं," तो म्हणाला. "बरोबर हाय. एकबी चूक न्हाय."

झालं. "पोरगा आमच्या शब्दाभायेर न्हाय, फोडा सुपारी," आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली. साखर आली. स्वप्नाली थोरांच्या पाया पडत निघाली. आप्पासाहेब, प्रयागबाई, आबा, आई. ती आत वळणार तोच आबा गहिवरून म्हणाले, "आगं, सरांच्या पाया पड की! त्यांच्यामुळंच आजचा दिवस दिसला. गुरू हाईत तुझं."

ती त्याच्यासमोर वाकली. जे पाय चिंचेखाली तिची वाट बघत उभे असायचे, त्यांच्यावर तिनं डोकं टेकवलं. वरून हात आला. "सुखी राहा," एवढंच तो म्हणाला.

आत गेल्यावर तिचा बांध फुटला. आई घाबरली, पण प्रयागबाई उलट समाधानानं म्हणाल्या, "रडू द्या वो. म्हायेर सुटायचं म्हणून रडती. आसं रडणारी पोरगी सासर धरून ऱ्हाती." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. स्वप्नालीनं त्यांच्या पदरात डोकं खुपसलं आणि त्या म्हणतील त्याला हुंकार दिला.

दिवस मावळायला पाहुणे गेले. गोड बातमी ऐकून आळीतल्या बायका जमल्या. पडवीच्या खोलीला कडी होती. मल्हार कळसला आईकडं गेला म्हणे, सामान न्यायला नंतर येणार होता. शेजारची सारजाकाकू स्वप्नालीच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "आमाला बी ऐकू दे की ते इंग्लिश. पावणं गार झालं म्हणं."

"म्हण गं, म्हण," आई कौतुकानं म्हणाली.

स्वप्नालीनं म्हणून दाखवलं. कॅनॉलकडेनं चालणं, चिंचेखाली उभं राहणं, हातातला हात, तिन्ही वाक्यं तशीच्या तशी. बायकांनी तोंडाला पदर लावला आणि वाहवा केली. चौथं वाक्य तिनं म्हटलं नाही.